खिशातले कार्ड वाचायचे कसे?

(रेल्वे व टपाल कामगारांच्या संयुक्त अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



विषयाला हात घालण्यापूर्वी एक विनंती आहे. ज्यांच्याजवळ आरोग्य कार्ड आहे त्यांनी ते खिशातून, पाकिटातून, पर्समधून बाहेर काढावे. ज्यांचे मोबाइलमध्ये आहे त्यांनी मोबाइल उघडावा. "घरी कपाटात आहे" असे सांगणारे हात बरेच दिसतात. आमची अपेक्षा तीच होती.

पगाराची स्लिप आपण ओळ न् ओळ तपासतो. महागाई भत्त्यात चार रुपयांचा फरक पडला तर दुसऱ्या दिवशी लेखा शाखेच्या दारात उभे राहतो. पासवर बायकोचे नाव चुकले तर गाडी सुटण्यापूर्वी दुरुस्त करून घेतो. आरोग्य कार्ड मात्र हातात पडले की फोटो बरा आला आहे का, एवढेच पाहून ठेवून देतो. त्यानंतर ते बाहेर निघते ते रात्री दोन वाजता, कोणाच्या तरी छातीत दुखू लागल्यावर.

संघटनेच्या कामात आम्हाला अशा रात्री बऱ्याच वेळा जागाव्या लागल्या आहेत. त्यातली एकच सांगतो. आमच्या शाखेतला एक कीमन महिनाअखेरीस सेवानिवृत्त झाला. हारतुरे झाले, सेटलमेंटचे पैसे मिळाले, निवृत्तांच्या आरोग्य योजनेची वर्गणीही त्यातून रीतसर वळती झाली. त्याला वाटले, काम झाले. नवीन कार्डासाठी अर्ज करायचा असतो हे त्याला कोणी सांगितले नाही, आणि खरे बोलायचे तर आम्हीही सांगितले नाही. चौथ्या महिन्यात त्याच्या बायकोला झटका आला. जवळच्या खाजगी हॉस्पिटलात नेले. हॉस्पिटल रेल्वेच्या यादीतले होते. काउंटरवरच्या मुलीने कार्ड पाहिले आणि परत केले. वैधता नवऱ्याच्या निवृत्तीच्या तारखेलाच संपलेली. अनामत भरा, मग दाखल करू. चाळीतल्या लोकांनी रात्रीत चाळीस हजार जमवले. बाई वाचल्या, पण बिलाचे पैसे मिळवण्यासाठी त्या नवरा-बायकोने पुढे कित्येक महिने खेटे घातले.

आता पाहा, त्या बाईंचा हक्क कोणी काढून घेतला होता का? नाही. वर्गणी भरलेली होती, दप्तरात नोंद होती. अडले ते कार्डावरच्या एका तारखेपाशी. आपल्यापैकी बहुतेकांची गावी थोडीफार जमीन आहे, म्हणून त्या भाषेत सांगतो. कार्ड म्हणजे जमीन नव्हे, तो सातबाऱ्याचा उतारा आहे. उताऱ्यात नाव चुकले म्हणून जमीन दुसऱ्याची होत नाही, पण कर्ज काढायला गेलात की तोच उतारा आडवा येतो. आणि उतारा दुरुस्त करायचा तर उताऱ्यावर खाडाखोड करून भागत नाही, तलाठ्याच्या दप्तरातली नोंद दुरुस्त करावी लागते. आपला तलाठी म्हणजे रेल्वेत पर्सोनेल ब्रँच आणि टपाल खात्यात आपले प्रशासन कार्यालय. काउंटरवरच्या मुलीशी भांडून तारीख बदलत नाही.

प्रथम आपल्या हातात नेमके कोणते कार्ड आहे ते बघू, कारण आज या सभागृहात तीन-चार तऱ्हेचे लोक बसले आहेत.

रेल्वेच्या बांधवांजवळ उमीद कार्ड आहे. पूर्वी मेडिकल कार्ड म्हणून एक कागदी पुस्तिका असे, तिच्यावर साऱ्या कुटुंबाचा एकत्र फोटो चिकटवलेला असे, आणि तो फोटो काढायला सगळे स्टुडिओत जात. आता प्रत्येकाचे स्वतंत्र कार्ड आणि प्रत्येकाला साऱ्या देशात एकच नंबर. सेवेत असताना या सोयीसाठी आपल्या पगारातून दरमहा काही कापले जात नाही. निवृत्तीनंतर एकदाच वर्गणी भरून १९९७ च्या आर.ई.एल.एच.एस. योजनेत दाखल व्हावे लागते.

टपाल खात्याच्या बांधवांपैकी जे ठरावीक शहरांत आहेत त्यांच्याजवळ सी.जी.एच.एस.चे कार्ड आहे. ही योजना १९५४ साली दिल्लीत सुरू झाली आणि पुढे मुंबई, नागपूर, पुणे इथे आली. टपाल-तार खात्याचे स्वतःचे दवाखाने होते. त्यांतले उरलेले ३३ दवाखाने सी.जी.एच.एस.मध्ये विलीन करण्याचा निर्णय २०१९ मध्ये झाला, आणि त्याबरोबर टपालाच्या अनेक पेन्शनरांना या योजनेचे दार प्रथमच उघडले. इथे मात्र सेवेत असतानाही वर्गणी आहे. १ फेब्रुवारी २०१७ पासूनच्या दरांनुसार लेव्हल १ ते ५ ला दरमहा २५० रुपये, ६ ला ४५० आणि ७ ते ११ ला ६५०. निवृत्तीनंतर एकरकमी दहा वर्षांची वर्गणी भरली की आयुष्यभराचे कार्ड मिळते. म्हणजे लेव्हल ५ पर्यंतच्या माणसाला ३०,००० रुपये.

या दोन्ही योजना विमा नव्हेत, हे लक्षात घ्या. विम्याच्या कार्डावर रकमेची मर्यादा असते, अमुक लाखांपर्यंत. पॉलिसी घेण्यापूर्वीच्या आजारांसाठी थांबण्याचा काळ असतो, तो जास्तीत जास्त तीन वर्षांचा असू शकतो. आपल्या कार्डावर अशी रक्कम लिहिलेली नाही. ती सोय आपल्या सेवेच्या शर्तींतून आलेली आहे. "साहेब, माझ्या कार्डात किती लाखांचे कव्हर आहे?" असे विचारत काही सभासद आमच्याकडे येतात. उत्तर असे की आकडा नाही, दर आहेत. सरकारने ठरवलेल्या दरांनी उपचार होतात. उलट काही जण अपघाती विम्याचे प्रमाणपत्र घेऊन येतात आणि त्यावर मोतीबिंदूचे ऑपरेशन करून मागतात! तो कागद अपघाताचा आहे, आजाराचा नाही. मुलाच्या कंपनीचे विमा कार्ड घरात असेल तर तेही नीट जपा. सी.जी.एच.एस.च्या सभासदाला आधी विमा कंपनीकडून रक्कम घेऊन उरलेला खर्च नियमाप्रमाणे खात्याकडून मागता येतो. फक्त दोन्हींची बेरीज खऱ्या खर्चापेक्षा जास्त होता कामा नये.

आता कार्ड हातात धरा. सी.जी.एच.एस.चे असेल तर आधी रंग पाहा. निळे म्हणजे सेवेतला कर्मचारी, हिरवे म्हणजे पेन्शनर. लाल खासदारांचे असते, त्याची आपल्याला गरज नाही. पिवळे पत्रकार आणि स्वायत्त संस्थांच्या लोकांचे. निवृत्त झालात आणि पाकिटात अजून निळेच कार्ड आहे, तर तुमचीही अवस्था त्या कीमनसारखी आहे असे समजा.

मग नाव. यावर थोडे जास्त बोलावे लागेल, कारण ही आपल्या मराठी माणसांची खास अडचण आहे. आपण स्वतःचे नाव, वडिलांचे नाव, आडनाव असे लिहितो. इटारसीत, सिकंदराबादेत किंवा हुबळीत नोकरी करणाऱ्या आपल्या बांधवांची नावे तिथल्या बाबूने आपल्या सवयीने लिहून घेतली. कोणाचे वडील गळाले, कोणाचे आडनावच पहिले नाव झाले. बायकांचे तर विचारू नका. लग्नापूर्वीचे एक, लग्नानंतरचे एक, आणि घरात हाक मारतात ते तिसरे. सेवापुस्तकात 'सुमन', आधारवर 'सुमनबाई', कार्डावर रोमन लिपीत आणखी काही तरी. गायकवाड हे आडनाव रोमन अक्षरांत निदान चार तऱ्हांनी लिहिलेले आम्ही पाहिले आहे, तेही एकाच कुटुंबातल्या चौघांच्या कार्डांवर. एरवी हे हसण्यावारी जाते. पण बिलाच्या परताव्याच्या वेळी हिशेब तपासणारा विचारतो की डिस्चार्ज कार्डावरची सुमनबाई आणि तुमची पत्नी सुमन एकच कशावरून? मग प्रतिज्ञापत्र, नोटरी, पुन्हा खेटे. आज घरी गेल्यावर सेवापुस्तकातला कुटुंबाचा तपशील, आधार आणि कार्ड ही तिन्ही शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर ताडून पाहा.

नावाच्या जवळ जन्मतारीख असते. ती केवळ वय कळावे म्हणून नसते. सी.जी.एच.एस.मध्ये सत्तरी ओलांडलेल्या लाभार्थ्याला यादीतल्या हॉस्पिटलातील तज्ज्ञाकडे रेफरल चिठ्ठीशिवाय थेट जाता येते. आपल्या आई-वडिलांच्या जन्मतारखा बऱ्याचदा शाळेत घालताना मास्तरांनी अंदाजाने टाकलेल्या असतात. आईचे खरे वय ७३ आणि कार्डावर ६८ असेल, तर त्या माउलीला पाच वर्षे चिठ्ठीसाठी रांगेत उभे राहावे लागेल.

नाते आणि वैधता या दोन ओळी एकत्र वाचायच्या. बायकोच्या आणि मुलाच्या कार्डावरच्या तारखा वेगवेगळ्या असू शकतात, आणि त्यामागे कारण असते. सी.जी.एच.एस.मध्ये मुलगा २५ वर्षांचा होईपर्यंत, किंवा कमावू लागेपर्यंत, किंवा त्याचे लग्न होईपर्यंत, यांतले जे आधी घडेल तोपर्यंत तो लाभार्थी. मुलीला वयाची अट नाही. ती कमावती होईपर्यंत किंवा तिचे लग्न होईपर्यंत लाभार्थी असते, आणि विधवा वा घटस्फोटित होऊन परत आली व अवलंबून असली तर वय कितीही असो, ती पुन्हा हक्कदार होते. हे आपल्या घरांत फार थोड्यांना ठाऊक आहे. माहेरी परत आलेल्या मुलीचे औषधपाणी बाप स्वतःच्या पेन्शनमधून करत राहतो, कारण 'लग्न झाले, नाव कमी झाले' एवढेच त्याला माहीत असते. कायमचे अपंगत्व असलेल्या मुलाला २५ वर्षांची अट लागत नाही, पण त्याचे प्रमाणपत्र दप्तरात पोचलेले हवे. नाही तर कार्ड आपोआप पंचविसाव्या वर्षी थांबते. यंत्राला अपंगत्व दिसत नाही. आई-वडिलांसाठी उत्पन्नाची मर्यादा दरमहा ९,००० रुपये आणि त्यावरचा महागाई भत्ता अशी आहे. तेव्हा गिरणीतून निवृत्त झालेल्या वडिलांना भविष्य निर्वाह निधीची हजार-दोन हजार पेन्शन मिळते म्हणून ते बाद, असे कोणी परस्पर ठरवू नये. रेल्वेत कुटुंबाची व्याख्या पासच्या नियमांवरून येते आणि ती काही बाबतींत निराळी आहे. त्यासाठी आपल्या वेल्फेअर इन्स्पेक्टरला गाठा.

वैधतेबद्दल एवढेच सांगतो की तातडीच्या वेळी सी.जी.एच.एस.च्या यादीतल्या हॉस्पिटलने कर्मचारी असो वा पेन्शनर, आगाऊ पैसे न मागता दाखल करून घ्यायचे असते. पण करारात शब्द 'वैध कार्ड दाखवल्यावर' असे आहेत. वाद त्या एका शब्दावर होतो.

आता वॉर्ड. ही ओळ लोक वाचतच नाहीत आणि बिल आल्यावर चिडतात. जनरल, सेमी-प्रायव्हेट, प्रायव्हेट यांपैकी एक तिथे छापलेले असते, आणि ते मूळ पगारावर ठरते. सी.जी.एच.एस.च्या २८ ऑक्टोबर २०२२ च्या आदेशाप्रमाणे ३६,५०० रुपयांपर्यंत जनरल, त्यापुढे ५०,५०० पर्यंत सेमी-प्रायव्हेट आणि त्याहून वर प्रायव्हेट. आता लेव्हल ४ मधल्या पोस्टल असिस्टंटचे उदाहरण घ्या. सातव्या वेतन आयोगाच्या तक्त्यात त्याचा मूळ पगार ३६,४०० असेल तर तो जनरलमध्ये. पुढची वेतनवाढ लागून ३७,५०० झाला की तो सेमी-प्रायव्हेटचा हक्कदार. पण कार्ड छापताना जनरल लिहिले होते, ते त्या जुलैत आपोआप बदलत नाही. तुम्ही अर्ज करायचा असतो. हॉस्पिटल तुमची पगाराची स्लिप विचारत नाही, कार्ड पाहते. आणि याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. नातेवाईक भेटायला येतील, बरे दिसणार नाही, म्हणून हक्कापेक्षा वरची खोली घेतलीत तर फरक तुमच्या खिशातून जातो. हा फरक केवळ खोलीच्या भाड्याचा नसतो, उपचारांचे दरही वॉर्डाप्रमाणे बदलतात.

रक्तगट लिहिलेला असला तर ठीक. चुकीचा असला तर दुरुस्त करा, पण घाबरू नका. रक्त देण्यापूर्वी हॉस्पिटल ते पुन्हा तपासून जुळवूनच देते. मोबाइल नंबर मात्र जुना असेल तर तातडीने बदला. मुलाने पाच वर्षांपूर्वी स्वतःचा नंबर घातलेला असतो, मुलगा पुण्यात, तुम्ही भुसावळात, आणि ओ.टी.पी. पुण्यात वाजतो.

कार्डावर हेल्थ युनिटचे किंवा वेलनेस सेंटरचे नाव असते. यावरून एक गैरसमज आहे की बदली झाली की कार्ड बाद. तसे नाही. नागपूरच्या वेलनेस सेंटरचे कार्ड असलेल्याला चेन्नईतल्या सेंटरमध्येही तपासून घेता येते. उमीदचा नंबरही साऱ्या देशाचा. भायखळ्याच्या रेल्वे हॉस्पिटलात उपचार घेणारा माणूस बदलीनंतर सिकंदराबादेत लालागुड्याच्या हॉस्पिटलात गेला तरी नंबर तोच. नेहमीची औषधे जिथून घ्यायची ते केंद्र मात्र बदलून घ्यावे, म्हणजे दर महिन्याला समजावत बसावे लागत नाही. आणि कार्ड हरवले तर रडत बसू नका. नंबर पाठ असला, निदान घरच्या दाराच्या आतल्या बाजूला खडूने लिहिलेला असला, तरी पुष्कळ काम होते.

निवृत्त मंडळींसाठी आणखी एक गोष्ट. आरोग्य केंद्रापासून लांब राहणाऱ्यांना दरमहा ठरावीक वैद्यकीय भत्ता मिळतो, १ जुलै २०१७ पासून तो १,००० रुपये झाला. रेल्वेत यासाठी अडीच किलोमीटरच्या बाहेर राहण्याची अट आहे. भत्ता घेतला की सर्वसाधारणपणे रोजच्या तपासणीचा आणि औषधांचा हक्क सोडावा लागतो, दाखल होण्याचा राहतो. काहींनी भत्ता घेतला, विसरले, आणि आता मधुमेहाच्या गोळ्या मिळत नाहीत म्हणून तक्रार करतात. गोळ्यांचाच खर्च महिना अडीच हजार असेल तर हजाराचा भत्ता महागात पडतो, हा हिशेब अर्जावर सही करण्यापूर्वी मांडायचा. सत्तरीवरील सर्वांसाठी २०२४ च्या ऑक्टोबरपासून आयुष्मान योजनेचे पाच लाखांचे कार्ड निघाले आहे. सी.जी.एच.एस.च्या लाभार्थ्याला तेही घेता येते, पण दोन्हींतले एकच निवडावे लागते. शिबिरात कोणी अंगठा लावायला सांगितला म्हणून लावू नका. घरी येऊन विचारा, आम्हाला विचारा.

भगिनींना वेगळे सांगायचे आहे. सेवेत असताना पती गेला तर त्याच्या कार्डावर तुमचे नाव असले तरी ते कार्ड सेवेतल्या कर्मचाऱ्याच्या कुटुंबाचे असते. फॅमिली पेन्शनचे कागद करता करता त्याच वेळी आरोग्य योजनेचाही अर्ज द्यायचा. रेल्वेत सेवेत वारलेल्या कर्मचाऱ्याच्या विधवेला आर.ई.एल.एच.एस. मध्ये येता येते. दुःखाच्या दिवसांत हे सुचत नाही, म्हणून ही जबाबदारी आम्ही शाखेच्या चिटणीसांवर टाकली आहे. तेराव्यानंतर त्यांनी घरी जायचे आणि कागद भरून घ्यायचे. कोणी आला नाही तर आम्हाला कळवा.

आणि ज्यांच्याजवळ कार्डच नाही त्यांचे काय? या सभागृहात मागच्या रांगांत ते बसले आहेत.

सी.जी.एच.एस. नसलेल्या गावांतल्या पोस्टमनला १९४४ चे वैद्यकीय नियम लागू आहेत. त्याच्याजवळ उताराही नाही, फक्त दप्तर आहे. म्हणून त्याने तर सेवापुस्तकातला कुटुंबाचा तपशील दर वर्षी पाहिलाच पाहिजे. शिवाय हे नियम निवृत्त झालेल्याला लागू नाहीत. निवृत्तीच्या आधीच त्याने ठरवायचे की फक्त भत्ता घ्यायचा, की जवळच्या शहराचे सी.जी.एच.एस. कार्ड. रोजच्या औषधांसाठी भत्ता आणि दाखल होण्यासाठी कार्ड, असाही पर्याय आहे.

ग्रामीण डाक सेवक तर खात्याचीच टपाल पिशवी वाहतो, आणि त्याला सी.जी.एच.एस. नाही. आजारात त्याच्या वाट्याला वेल्फेअर फंडाची मदत येते, ती मदत आहे, हक्क नाही. या मागणीवर आपण किती वेळा धरणे धरले ते सर्वांना माहीत आहे. ती मागणी उभी आहे आणि उभी राहील.

स्टेशनवर झाडू मारणारा, डबे धुणारा कंत्राटी कामगार ई.एस.आय.मध्ये येतो, पगार २१,००० पर्यंत असेल तर. त्याच्या पगारातून पाऊण टक्का कापतात, मालकाने सव्वातीन टक्के घालायचे असतात. त्याच्या कार्डावर दहा आकडी विमा क्रमांक असतो, आणि तो आयुष्यभर एकच असायला हवा. होते काय, टेंडर बदलते, ठेकेदार बदलतो, नवा ठेकेदार जुना नंबर न विचारता नवा काढतो. मग एकाच माणसाची वर्गणी दोन-तीन नंबरांत विखुरली जाते, आणि आजारपणाचा भत्ता मागायला गेले की भरणा पुरेसा दिसत नाही. आपल्या प्लॅटफॉर्मवरच्या एका सफाई कामगार भगिनीकडे अशी तीन कार्डे निघाली. ती तिन्ही जपून ठेवत होती, तीन कार्डे म्हणजे तिप्पट फायदा असे तिला कोणी सांगितले होते. ती आपली सभासद नाही. तरीही तिचे नंबर एक करून घेण्याचा अर्ज आम्हीच लिहिला, आणि तो लिहिण्याला शाखेत एक-दोघांनी हरकत घेतली, हेही इथे सांगून ठेवतो. हरकत आम्ही ऐकली आणि अर्ज दिला.

आता जेवणाची वेळ झाली आहे. दुपारच्या सत्रानंतर बाहेरच्या व्हरांड्यात तीन टेबले मांडली आहेत. पहिल्यावर रेल्वे, दुसऱ्यावर टपाल, तिसऱ्यावर ई.एस.आय. आणि बाकीचे. नाव, जन्मतारीख, नाते, वैधता, वॉर्ड यांतले जे चुकले असेल त्याचा अर्ज तिथेच लिहून मिळेल. कपाटात कार्ड ठेवून आलेल्यांनी घरी फोन लावून दोन्ही बाजूंचा फोटो मागवून घ्यावा. येत्या डिसेंबरपर्यंत निवृत्त होणाऱ्यांनी आपली नावे आधी नोंदवावीत.